शिदू मास्तर जागा बदलतात

शिदू मास्तरांचा पुढचा दात पडला तो एका नवरदेवाच्या मामामुळे. पाटणच्या पलीकडच्या एका गावात वरात चालली होती. मामा रंगात आलेला. नाचता नाचता त्याचं कोपर असं काही फिरलं, की थेट मास्तरांच्या ट्रंपेटवर बसलं. ट्रंपेट शाबूत राहिलं, दात गेला. मामाची सगळी खाडकन उतरली आणि तो हात जोडून उभा राहिला. मास्तर तोंडावर रुमाल धरून त्याला म्हणाले, "पावनं, दात माझा पडलाय. तोंड तुमी कशाला पाडताय? नाचा की!"

हे मी पाहिलेलं नाही. आनंदाकडून ऐकलं. आनंदा म्हणजे मास्तरांच्या बँडातला ड्रमवाला, त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. पण त्या दातापायीच मास्तर पहिल्यांदा माझ्या दुकानाची पायरी चढले, म्हणून सुरुवात तिथून केली.

कऱ्हाडला लागून मलकापूर, तिथं माझं शिवणकामाचं दुकान होतं. मी मूळची सांगलीची. लग्न होऊन इकडे आले, आणि नवरा गेल्यावर मशीन घेऊन बसले. ब्लाऊज, पंजाबी ड्रेस, फॉल-पिको. बायकांची गिऱ्हाइकी, गप्पा आणि उधारी, सगळं आपल्या ठरल्या रीतीनं चाललेलं. माझा स्वभावच असा, की ठरलेलं ते ठरलेलं. चहाचा कप बदलला तरी माझी सकाळ नासते. आणि अशा बाईच्या शेजारच्या गाळ्यात देवानं बँडाचं ऑफिस आणून ठेवलं! ऑफिस म्हणजे काय, एक बाकडं, भिंतीला टांगलेली पितळी वाद्यं आणि सकाळपासून पों-पों. सुईत दोरा ओवायला घ्यावा आणि पलीकडून भोंगा फुंकला जावा. मी भिंतीवर कात्री आपटायचे. ते तालावर आपटतेय असं समजून पलीकडचे आणखी जोरात वाजवायचे.

तर मास्तर आले, लाल कोट हातावर घेऊन. सोनेरी झालर, खांद्यावर गोंडे. म्हणाले, "ताई, एवढा काखंत जरा आवळून द्या."

"मी बायकांचे कपडे शिवते," मी म्हटलं.

"मग बाप्याचा शिवून बगा की. बदल हुईल जरा."

मला बदल नको होता. पण त्यांनी ते काम इतकं छान समजावून सांगितलं की मी ऐकतच राहिले. ट्रंपेट वाजवायचं तर पुढचे दात भक्कम लागतात, ओठाला मागून आधार तोच. तो आधार गेला. मग मास्तर एका दिवसात क्लॅरनेटवर आले, कारण ते उरलेल्या दातांवर निभतं. ट्रंपेटला कोपर बाहेर असतं, म्हणून कोट काखेत सैल. क्लॅरनेटला कोपर बरगडीला चिकटतं, तिथं सैल कापडाचा चुरगळा होतो. मी म्हटलं, "मग नवाच शिवा ना."

"नवा कशाला? हाच उसवा," मास्तर म्हणाले. "उसवल्याबिगर शिवता येतंय व्हय?"

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. पुढे मी ते इतक्यांदा ऐकलं की कुणाचं लग्न मोडलं, कुणाची नोकरी गेली तरी माझ्याही तोंडून तेच निघायला लागलं.

ठेंगणी मूर्ती, पोट जरासं पुढं, मिशीला काळा रंग आणि केसांना नाही. विचारलं तर म्हणायचे, "मिशी गिऱ्हाइकाची, केस माझं." चहा बशीतच प्यायचे, आणि पिण्याआधी बशीवर फुंकर घालताना बोटं उगाच हलायची, बशीचीही पिपाणी वाजवतायत असं वाटायचं. कुणी मेलं, कुणी जन्मलं, कुठला रस्ता खणला, कुठलं झाड पडलं, सगळ्याला एकच उद्गार: "आता बगा, गंमत हुईल." आणि सगळ्यात मोठी खोड म्हणजे 'आमच्या वेळी असं नव्हतं' हे वाक्य या माणसाच्या तोंडून कधी म्हणजे कधी निघालं नाही. माझ्या तोंडून दिवसातून चारदा निघायचं, म्हणून माझ्या लक्षात आलं.

एकदा बँडातली माणसं बाकड्यावर बसून डीजेवाल्यांना शिव्या देत होती. आमचं पोट मारलं, लग्नाचं वाटोळं केलं, वगैरे. मास्तर बशीवर फुंकर घालत होते. चहा संपवला आणि म्हणाले, "माझा आज्जा सनईवाला. पंचक्रोशीत त्याच्याबिगर हळद लागत नव्हती. माझ्या बापानं ही इंग्रजी पितळ घरात आणली तवा आज्जा काय म्हणला ठावं हाय? म्हणला, ह्या भोंग्यांनी लग्नाचं वाटोळं केलं. मरंस्तवर बापाशी बोलला न्हाई त्यो. आपूनबी कुणाचं तरी पोट मारूनच आलोय गड्यांनो. आता दुसरा आलाय. जरा सरका, त्येला बी बसू द्या."

मला मात्र आजोबांचा राग पटला होता, आणि तसं मी भिंतीपलीकडून ओरडून सांगितलंही.

क्लॅरनेटवर मास्तर चांगले रुळले. पण दातांनी एकदा घर सोडायला सुरुवात केली की ते एकेकटे जात नाहीत. वरचे गेले, खालचे हलू लागले. मुलगा बबन त्यांना कऱ्हाडला घेऊन गेला आणि कवळी बसवून आणली. कवळी लावून मास्तर दुकानात दाखवायला आले. हसले. मला कुणी परकाच माणूस उभा आहे असं वाटलं. हौसाकाकी, म्हणजे त्यांची बायको, मागून म्हणाली, "ताई, रातीला डोळं झाकून बोलते मी ह्येंच्याशी. उघडं ठिवलं की लाज वाटती, कुणाचा बाप्या घरात आलाय म्हणून."

आणि मग रहिमतपूरचं ते लग्न. नवरीच्या घरचे ओळखीचे, म्हणून मीही गेले होते. नवरी निघायची वेळ. आई रडतेय, मावश्या रडतायत, नवरी तर हुंदक्यांनी गदगदतेय. मास्तरांनी क्लॅरनेटवर संथ, काळीज कापणारं काहीतरी धरलं. सूर वर चढला, चढला, आणि सगळ्यात वरच्या टोकाला 'फुस्स' झालं. कवळी सुटली होती. ती जपायला मास्तरांनी ओठ आवळले, त्यातून कोंबडं पिळल्यासारखा आवाज आला, आणि पुढच्या क्षणी कवळी थेट नवरीच्या ओटीतल्या तांदळात जाऊन पडली.

मास्तर पुढे झाले, खाली वाकले, आणि बोबड्या तोंडानं म्हणाले, "पोरी, माझं तेवढं माघारी दे. बाकी समदं तुझं."

नवरी अशी हसली, अशी हसली, की तिचा पदर सुटला. मग आई हसली, मग मावश्या. गाडीत बसेपर्यंत ती पोरगी हसत होती. मास्तरांना वाटलं आता काही खरं नाही, आपला बँड या गावातून उठला. पण दुसऱ्या दिवशी नवरीची आई पेढे घेऊन मलकापुरात हजर. "माझी पोर हसत गेली वो," एवढंच म्हणाली आणि मास्तरांच्या पाया पडली. त्यानंतर कितीतरी दिवस गिऱ्हाईक बँड ठरवायला आलं की हळूच विचारायचं, "ते दाताचं करता का?"

त्या प्रसंगानंतर मला मास्तरांच्या कोटाला आतून एक खिसा लावावा लागला, कवळी ठेवायला. मी आयुष्यभर पाठीचे गळे आणि बाह्यांच्या पट्ट्या केलेली बाई! पण लावला, अस्तराचा, मऊ, वर बटण.

कवळी खिशात गेली तसं क्लॅरनेटही भिंतीवर गेलं. मास्तरांनी खांद्याला ड्रम अडकवला, आणि ज्याला काठी धरायला शिकवली त्या आनंदाचे शिष्य झाले. त्या तालमी मी ऐकल्या आहेत. आनंदाच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. गुरूला 'चुकलात' कसं म्हणायचं? मास्तर त्याच्यावर डाफरायचे, "अरं वरड की! मी तुला कसा वरडत हुतो? दोन थोबाडीत दिल्याबिगर तुझा उजवा हात उठत नव्हता. दे मला एक." आनंदा बिचारा रडकुंडीला यायचा. मास्तर खुशीत.

कोट पुन्हा माझ्याकडे. आता खांद्यात सैल, आणि पोटावर ड्रम घासतो म्हणून बटणं आतून. मी कुरकुर करत उसवत होते. विचारलं, "मास्तर, सगळ्यात पुढं असायचात, आता ड्रम घेऊन मागं. वाईट नाही वाटत?"

ते विचारात पडले. खोटं बोलायचं नसलं की ते असे पडायचे. "पयल्या दिशी वाटलं," म्हणाले. "पर ताई, मागनं वरात निराळीच दिसती. ट्रंपेट वाजवताना मला निस्तं नाचणारं दिसायचं. क्लॅरनेटवर आलो, नवरी दिसाया लागली. आता मागं आलो तर म्हाताऱ्या दिसत्यात, पाय वढत येणाऱ्या. कडंवर झोपल्यालं पोर घिऊन चालणारी बाई दिसती. डोस्क्यावर लाईट घेतल्याली माणसं दिसत्यात. एवढी वर्सं वाजवत हुतो, ह्यांना बगितलंच नव्हतं की मी. जागा बदलली न्हाई तर माणूस एकच वरात बघून मरंल."

मी टाका घालता घालता थांबले. मग चहा मागवला. त्याखेरीज काय करणार?

मधे दोन हंगाम बबननं डीजे चालवून पाहिला. बँडातल्या माणसांनी तोंडं फिरवली, पण मास्तर लाल कोट घालून ट्रॉलीवर त्या भिंतीएवढ्या खोक्यांशेजारी जाऊन बसले. उतरले ते छातीला हात लावून. "इंजान पोटात सुरू झाल्यागत झालं गड्या! लय भारी!" पुढे आवाजावर बंधनं आली, ठिकठिकाणी ट्रॉल्या अडवायला लागले, आणि वाईकडच्या मोठमोठ्या लग्नांत पुण्याची माणसं 'पारंपरिक बँड' मागायला लागली. मास्तर पोट धरून हसले. "आवं ताई, आमी नवीन झालो की पुन्हा!"

पण त्याच सुमाराला एका दुपारी आनंदा माझ्या दुकानात येऊन बसला. एरवी बायकांच्या दुकानात पाऊल टाकायला लाजणारा माणूस.

"ताई, मास्तर चुकत्यात," म्हणाला. "लय चुकत्यात. ठोका मागं पडतोय. ऐकू येत न्हाई त्यास्नी. बबन म्हणतोय, घरी बसवा, लोक हसत्यात, मोठी गिऱ्हाइकं जात्याल. सांगायचं कुणी?"

माझ्याही लक्षात आलं होतं. भिंतीवर कात्री आपटली तरी पलीकडून उत्तर येत नव्हतं. हौसाकाकीही येऊन गेली. म्हणाली, "ताई, कोट उसवून ठिवा आन शिवूच नगा. कोट न्हाई म्हणून तरी घरी ऱ्हातील." मी तिला सरळ नाही म्हटलं. माणूस घरी बसवायचा तर तोंडानं सांगा, माझ्या सुईच्या आड लपू नका.

सांगायची वेळच आली नाही. मास्तर आपणहून आले, काठ्या आनंदाच्या हातात दिल्या, आणि मोठ्यानं, बहिरी माणसं बोलतात तसं म्हणाले, "मला ठावं हाय रं. तुमची तोंडं दिसत्यात की मला. डोळं न्हाई गेलं अजून."

त्यानंतरचे दिवस मला आवडले नाहीत. बँड निघायचा आणि मास्तर ऑफिसाच्या पायरीवर बसून राहायचे. मिशी पांढरी झाली, रंगवली नाही. चहा यायचा, बशी तशीच निवायची. 'गंमत हुईल' हे शब्द मी कान देऊन वाट पाहिली तरी ऐकू आले नाहीत. एकदा मीच जाऊन शेजारी बसले आणि कानाशी ओरडले, "काय झालं मास्तर? बदल सोसेना का आता?"

"बदलाचं काय न्हाई ताई," ते म्हणाले. "प्रत्येक बारीला हिथनं उठलो की तिथं बसाया जागा हुती. आता उठलोय, आन जागाच दिसंना. वरात बघत हुबा ऱ्हाणारा मी न्हवं. वरातीबरुबर चालाया न मिळंल तर मी कोण हाय?"

मला भरून आलं होतं, हे इथं सांगून टाकते.

जागा सापडली ती हायवेच्या उड्डाणपुलामुळे. त्या कामानं आमच्या मलकापूरचा जीव नकोसा केला होता. सगळी वाहनं सेवारस्त्यावर, धूळ, खड्डे, त्यात ऊस भरलेले ट्रॅक्टर. अशात एक वरात आमच्या दुकानासमोरच अडकली. समोरून एसटी, मागून उसाची ट्रॉली, मधे घोड्यावर नवरदेव. सगळे एकमेकांवर हॉर्न मारतायत. बँड थांबला, माणसं कानावर हात ठेवून उभी.

मास्तर पायरीवरून उठले. अंगात साधा शर्ट. शांतपणे चालत एसटीपुढे गेले आणि हात वर केला. ड्रायव्हरनं हॉर्न दाबला, दाबूनच धरला. मास्तर हलेनात. त्यांना काय त्याचं? ऐकू येत असतं तर दचकून बाजूला झाले असते. ते उलट ड्रायव्हरकडे बघून हसले, तोंडात एकही दात नसलेलं हसू. ड्रायव्हरनं हात टेकले आणि गाडी मागं घेतली. मग ट्रॅक्टर. मग दोन जीपा. मास्तरांनी वाट मोकळी केली, वळून बँडाकडे पाहिलं, आणि हातानं ताल देत पुढे चालायला लागले. आनंदानं त्या हाताकडे बघून ड्रमवर पहिली काठी टाकली.

दुसऱ्या दिवशी कोट माझ्याकडे. "काखंत सैल," मास्तर ओरडले. "हात वर जाया पायजे!" मिशी काळी कुळकुळीत.

तेव्हापासून मास्तर सगळ्यात पुढे. बँड ऐकायचं त्यांना कारण उरलं नाही. बँडच त्यांचं पाऊल बघून चालायला लागला. बबनला धाकधूक. त्यानं आनंदाला विचारलं, "आबांचं पाऊल चुकलं तर?" आनंदा म्हणाला, "मग आपूनबी चुकायचं. समदी एकदम चुकली की कोण वळखतंय?"

यंदा मी मलकापूर सोडलं. गुडघे पायडलला दाद देईनात, आणि सांगलीची लेक पिच्छा सोडीना. मनात नव्हतं. बांधाबांध करताना मी लेकीवर, टेम्पोवाल्यावर, खोक्यांवर, सगळ्यांवर खेकसले. निरोप घ्यायला शेजारी गेले तर ऑफिसाला कुलूप. लग्नाची तिथी होती. मशीन दोरीनं बांधलं, ड्रायव्हरशेजारी बसले, आणि थोडं पुढे जातोय तर सेवारस्ता तुंबलेला. समोरून वरात येत होती. सगळ्यात पुढे लाल कोट.

तेवढ्यात नवरदेवाच्या मित्रांनी मागं थंड सरबताच्या बाटल्या वाटायला घेतल्या आणि बँड थांबला. मास्तरांना कसं कळावं? ते आपले चाललेच. हात तालात वर-खाली, पाऊल ठाम, मान ताठ. मागं रस्ता मोकळा पडत चाललेला आणि हा माणूस एकटा, नसलेल्या बँडाला घेऊन पुढे येतोय. बाजूची माणसं हसायला लागली. बबननं "आबाऽ" म्हणून हाक मारली आणि कपाळावर हात मारून घेतला. खुळखुळेवाला त्यांना थांबवायला धावत सुटला, तर आनंदानं कॉलर धरून त्याला मागं ओढलं. हातातली बाटली फेकली.

"उचला रं!" तो ओरडला. "मास्तर चालल्यात!"

आणि सगळा बँड वाजवत पळत सुटला. पळताना फुंक कुठली पुरतेय! असा भयंकर बँड मी जन्मात ऐकला नाही. टोप्या उडाल्या, भोंगा हंबरला, घोडा बिथरून मागून धावला, नवरदेव "अरं थांबवा, थांबवा" म्हणतोय. माझ्या टेम्पोजवळ त्यांनी मास्तरांना गाठलं, आणि धापा टाकत त्यांच्या पावलात पाऊल मिळवलं. मास्तरांनी मागं वळूनही पाहिलं नव्हतं. त्यांच्या लेखी बँड मागं होताच.

त्यांनी मला खिडकीत पाहिलं. मागं बांधलेलं मशीन पाहिलं. बोळकं पसरून हसले. मला वाटलं, थांबतील, दोन शब्द बोलतील. पण वरात चालू होती. त्यांनी डावा हात वर करून समोरचे ट्रॅक्टर, जीपा, सगळं जागच्या जागी थोपवलं, आणि उजव्या हातानं आमच्या टेम्पोला वाट दाखवली. या, या, निघा.

ड्रायव्हरनं माझ्याकडे पाहिलं. "मावशी, ओळखीचे दिसतायत. थांबू का जरा?"

"नको," मी म्हटलं. "मास्तर निघा म्हणतायत. चल."